ग्राइंडरवरचा गूळ

कासारवाडीला रेल्वे रुळांच्या कडेला आमची एक पत्र्याची खोली होती, आणि त्या खोलीत रोज कुणी ना कुणी मार खायचं. बहुतेक वेळा आई. धाराशिवकडून कामासाठी आलेलं आमचं बिऱ्हाड. बाप हमाली करायचा, प्यायचा आणि हाताला लागेल त्यानं मारायचा... उलथनं, पट्टा, एकदा तर पेटता स्टोव्ह. आई ओरडायची नाही, डोक्यावरचा पदर तेवढा सावरायची. माझा थोरला भाऊ दत्ता, आमचा दादा, मिसरूड फुटायच्या आधीच एका संध्याकाळी मध्ये पडला. बापाचा वर गेलेला हात त्यानं धरला आणि दाराच्या चौकटीवर असा आपटला, की हाड मोडल्याचा आवाज मला कोपऱ्यात ऐकू आला. बाप गेला तो परत आला नाही. दुसऱ्या दिवशी दादानं स्वतःचं दप्तर माझ्यापुढं टाकलं आणि म्हणाला, "शोभे, आता तूच शिक. मी कामाला लागतो."

भोसरीकडच्या एका लहानशा शॉपमध्ये तो ग्राइंडिंगला लागला. चाकणच्या कारखान्यांत लोखंड कापणारी, कार्बाइड नावाच्या कठीण धातूची हत्यारं बोथट झाली की अशा शॉपमध्ये येतात. फिरत्या चाकावर धरून त्यांना पुन्हा धार लावायची. धार नीट दिसावी म्हणून दादा हत्यार डोळ्यांजवळ न्यायचा आणि त्यावरची करडी भुकटी फुंकर मारून उडवायचा. ती उडून त्याच्याच तोंडावर यायची. शिफ्ट सुटली की सगळे गुळाचा खडा खायचे. गुळानं छातीतली धूळ खाली उतरते, असं शेठपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे मानायचे. शेठ स्वतः डबा भरून ठेवायचे आणि तो डबा दादाच्या ग्राइंडरवर असायचा. मी मास्कचं नाव काढलं की तो म्हणायचा, तोंड तू बांध, तू स्कूटीवर फिरतेस. एकदा चालतं चाक फुटलं. एक तुकडा मागच्या भिंतीत घुसला, दुसरा दादाच्या गालात. टाके घालून घरी आला तेव्हा शर्टाची पुढची बाजू सगळी लाल होती. "आज गूळ खारट लागला," एवढंच बोलला आणि जेवायला बसला.

हात चालवायची त्याची सवय काही गेली नाही. कॉलेजच्या वाटेवर एकानं माझी ओढणी ओढली, तर दादानं त्याचं डोकं रिक्षाच्या पत्र्यावर आपटून पत्र्याला पोचा पाडला. मी बी.एस्सी. झाले. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेली पहिली मी, हे मी आजही ताठ मानेनं सांगते. निकालाच्या दिवशी शॉपमध्ये पेढ्यांऐवजी त्यानं गूळच वाटला.

मग खोकला आला. बाप आईला जसा धरायचा तसं त्या खोकल्यानं दादाला धरलं. भिंतीवर आपटायचा, जमिनीवर पाडायचा, आणि एकदा खोकता खोकता त्याची बरगडीच मोडली. टीबीची औषधं झाली, पुन्हा तीच झाली. तिसऱ्यांदा एका दवाखान्यात तीच लिहायला लागले, तेव्हा दादानं डॉक्टरची कॉलर धरून त्याला खुर्चीतून उचललं. थुंकीत टीबी सापडत नाही असं तूच म्हणतोस आणि औषध त्याचंच देतोस, हे त्याचं म्हणणं. मी मध्ये पडले तेव्हा माझ्या ओठातून रक्त आलं, ते कुणाच्या कोपरानं हे मला कळलं नाही.

शेवटी पुण्यात एक डॉक्टर मॅडम भेटल्या. फुप्फुसांच्या दुर्मीळ आजारांवर त्या काम करत होत्या. काम काय करता, हे त्यांनी पहिल्यांदा विचारलं. तोवर ते कुणीच विचारलं नव्हतं. दादानं ग्राइंडिंग सांगितलं, फुंकर सांगितली, गूळही सांगितला. मॅडम हसल्या नाहीत. गूळ पोटात जातो, धूळ फुप्फुसात बसते, दोघांची गाठ पडत नाही, असं त्यांनी समजावलं. धातूच्या भुकटीनं होणाऱ्या आजाराचा त्यांना संशय होता. पण दुर्बिणीनं फुप्फुसातून काढलेला तुकडा तपासून ठरवायला फारच लहान होता, आणि छाती उघडणं दादाला झेपणारं नव्हतं. त्याच शॉपमधले इम्रान आणि संतोष हे दोघेही खोकत होते, टीबीच्या गोळ्या खात होते आणि रोज ग्राइंडरवर उभे राहत होते. पुरावा दाखवल्याशिवाय शेठ काही ऐकायला तयार नव्हते.

असा रोगी एका डॉक्टरच्या वाट्याला फार तर एखादा येतो, म्हणून गावोगावचे नमुने आणि माहिती एका ठिकाणी जमा करतात, ज्या संशोधकाला लागेल त्याला तिथून मिळते, असं मॅडमनी सांगितलं. दादानं नाकातली ऑक्सिजनची नळी सारखी केली.

"म्हणजे टूल रूम, लागेल त्यानं हत्यार न्यायचं," तो म्हणाला. "मग मी गेलो की माझं फुप्फुस रॅकला लावा. इम्रान-संत्याच्या कामी येईल."

भर दुपारी, मॅडमच्याच हॉस्पिटलात, त्यानं जीव सोडला. फुप्फुसं काही तासांच्या आत काढायला हवी होती. आईनं संमतीच्या कागदावर अंगठा दिला. दादाचं काही खरं नाही हे कळून पहाटेच गावाकडून निघालेले चुलते तेवढ्यात पोचले, सोबत दोन जीप भरून भावकी. बाप नसताना निर्णय माझा, असं म्हणत त्यांनी दाराच्या काचेवर लाथ मारली. काच फुटली. वॉर्डबॉयला भिंतीशी दाबून कुणी तरी बुक्क्या घालत होतं, मॅडमच्या हातातला बर्फाचा डबा लाथेनं उडाला, मी तो उचलायला वाकले तर माझे केस धरून मला फरफटत बाजूला नेलं. "मेल्यावर फाडायला पोरगं काय बकरं हाय का?" चुलते ओरडले.

दिरापुढं आईच्या डोक्यावरचा पदर कधी ढळला नव्हता. त्या दिवशी तिनं तो काढला, कमरेला खोचला, काचांवरून अनवाणी चालत गेली आणि चुलत्यांच्या थोबाडीत मारली. पुन्हा मारली. मार खाण्यात आयुष्य गेलेल्या बाईला मी पहिल्यांदा मारताना पाहिलं.

"माजा नवरा मला मारत व्हता तवा कुटं व्हती तुमची भावकी?" ती म्हणाली. "माज्या लेकानं आयुष्यभर हात उगारला. आज पैल्यांदा त्यानं काय तरी द्यायला हात फुडं केलाय. त्यो कुणी धरायचा न्हाई."

चुलते दारातून बाजूला झाले. तिच्या पायांतून फरशीवर रक्त उमटत होतं. मॅडमनी डबा उचलला आणि आत गेल्या.

या गोष्टीला काही महिने झाले. परवा मी शॉपमध्ये गेले. दादाच्या ग्राइंडरवर आता धूळ ओढून घेणारा जाड पाइप बसलाय. गुळाचा डबा तिथंच आहे, रिकामा. शेठ म्हणाले, फेकायला हात धजत नाही. मी झाकण उघडलं. तळाशी चिकटलेल्या गुळावर ती करडी भुकटी बसली होती... मी फुंकर मारणार होते, थांबले. झाकण लावलं.

दादाच्या फुप्फुसात कार्बाइडची भुकटी सापडली. त्याचे तुकडे रॅकला लागले, दूरच्या गावांतल्या डॉक्टरांनीही ते मागवून पाहिले. त्या पुराव्याशी पडताळून मॅडमनी तपासलं, तेव्हा इम्रानला आणि संतोषला टीबी नाही हे ठरलं. दोघांना ग्राइंडरवरून काढून पॅकिंगला बसवलंय, आणि दोघांचाही खोकला कमी होतोय.