साखऱ्याच्या शिवारात भरलेलं शीड

आधी हातातला चहा संपवा. मग सांगतो. मधेच ठसका लागला तर माझ्यावर येऊ नका!

मला शिडाच्या जहाजांचा नाद आहे, हे तुम्हाला माहीतच आहे. आता आमचं साखरा पडलं कोरडवाहू. समुद्र बघायचा तर पार मुंबई गाठावी लागते. म्हणून काय नाद सोडायचा? सेनगावच्या कचेरीत कारकुनी करता करता मी मोबाइलवर उंच डोलकाठ्यांची जहाजं बघत बसायचो. एका उन्हाळ्यात तर रजा टाकून थेट तसल्या जहाजावर शिकायला गेलो. हौशी लोकांना घेतात हो! डोलकाठीवर चढलो, दोर ओढले, गाठी शिकलो. ओकलोही भरपूर, पण ते घरी सांगितलं नाही.

घरी आल्यावर मग माझं तोंड काही बंद होईना. वहिनीनं भाकरी वाढली तरी मी म्हणायचो, "जहाजावर ना, वहिनी..." आबा तर मला कप्तानच म्हणायला लागले. मला वाटलं, पोराचं कौतुक!

दसरा झाला. सोयाबीन कापून रानात गंजी लावलेली. सकाळी हडंबा, म्हणजे मळणीचं यंत्र येणार, की झालं. आणि त्याच दुपारी कळमनुरीच्या अंगानं आभाळ काळंकुट्ट! वर्षाचं पीक उघड्यावर. सोयाबीन भिजली की दाणा काळा पडतो, मग बाजारात कुत्रं विचारत नाही.

दादा ताडपत्री घेऊन पळाला. आमच्याकडची पद्धत साधी. ताडपत्री गंजीला चापून लपेटायची आणि कडेनं दगड ठेवायचे.

"थांब दादा! मढं झाकल्यागत काय झाकतो? मधी पाणी साचंल. मी बांधतो."

"अरे आभाळ येऊन राहिलं!"

"म्हणून तर! वाऱ्याचं माझ्यावर सोड."

मी आधी पायात येणारे सगळे दगड उचलून धुऱ्यापलीकडं, बांधाच्या पार फेकले. जहाजाचा तळ कसा मोकळा पाहिजे! मग बांबू रोवले, ताडपत्री उंच ताणली, दोर आवळले. काय देखणं दिसत होतं म्हणून सांगू! एक कोपरा तेवढा राहिला. तो मी गंजीच्या राखणीला टाकलेल्या आबांच्या बाजेला बांधला. आबा बाजेवरच बसलेले.

"माझ्या बाजेला काहून बांधून राहिला रे?"

"आबा, तुमी हलू नका. फक्त वजन द्या."

आणि वारं आलं! ताडपत्री फुगली, अशी फुगली की माझा ऊर भरून आला. "दादा, बघ! बघ कसं शीड भरलं!"

दादानं बघितलं. तेवढ्यात बांबूच उखडले. ताडपत्री निघाली शेजारच्या तुरीत, तिच्यामागं बांबू, बांबूंमागं बाज आणि बाजेवर माझा बाप!

"कप्तान! थांबव रे तुझं जहाज!"

आबा वेळेवर मऊ मातीत लोळले म्हणून बरं. बाज धुऱ्याला अडकली. पण ऐका, माझी गाठ एकही सुटली नाही! सुटता सुटेना. दादाला सुटेना, मलाही सुटेना. शेवटी वहिनीनं विळा आणला आणि सगळे दोर सपासप कापले. नवे दोर हो!

थेंब सुरू झाले. आम्ही ताडपत्री ओढत आणली, गंजीवर टाकली, चापून लपेटली.

"दगड कुठं हायेत?" दादा ओरडला.

मी धुऱ्यापलीकडं बोट दाखवलं. त्यानं माझ्याकडं असं बघितलं की बस.

वहिनी म्हणाली, "भाऊजी, बसा आता कोपऱ्यावर." बसलो. एका कोपऱ्यावर दादा, एकावर वहिनी, एकावर चिखलानं माखलेले आबा आणि एकावर मी. वरून धो धो पाऊस.

मग आबांनी शांतपणे विचारलं, "काय रे, जहाजावर तुफान आलं की काय करतेत?"

"शीड उतरवतात, आबा. पहिलं काम तेच," मी छाती पुढं काढून सांगितलं. येतं ना मला सगळं!

"मंग इथं काहून चढवलं?"

खरं सांगतो, एवढं साधं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं! वहिनी अशी हसली की तिचा कोपरा उडता उडता राहिला.

सोयाबीन मात्र वाचली. सकाळी हडंबा आला, दाणा कोरडा निघाला. आणि शीड झकास भरलं होतं, हे मी आजही कोणालाही छातीठोक सांगतो.

पण तेव्हापासून काय झालंय, सुगीत आभाळ आलं की कचेरीत मला वहिनीचा फोन येतो. सगळ्या कारकुनांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणते, "भाऊजी, लवकर या, एक दगड कमी पडून राहिला!"