ढोरडॉक्टरची राजदूत

सावळारामनानांना अर्धा मुरबाड तालुका डॉक्टर म्हणायचा, पण स्वतःला ताप आला म्हणून कोणी त्यांच्याकडे गेल्याचं ऐकिवात नाही. नाना ढोरांचे डॉक्टर. तेही कागदावर नव्हे. कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक. पण एवढा मोठा हुद्दा उच्चारेपर्यंत म्हैस मरायची, म्हणून पाड्यापाड्यांनी त्यांना परस्पर बढती देऊन टाकली होती.

त्यांची पहिली नेमणूक शहापूरला, तानशाच्या बाजूला. तिथं असताना शहात्तर साली त्यांनी राजदूत मोटारसायकल घेतली. लग्न त्याआधी दोन वर्षं झालं होतं. भागीरथीकाकी म्हणायच्या, "मी आली तवा हे जेवायला टायमावर यायचे. गाडी आली आनि टाइम गेला." पुढे बदली होऊन नाना मुरबाडला आले आणि आमच्या आळीत घर बांधून कायमचे राहिले. धसई, नारिवली, सिद्धगडाच्या पायथ्याचे पाडे, हा त्यांचा मुलूख. मागच्या सीटला सायकलच्या ट्यूबनं बांधलेली औषधांची पेटी, पुढच्या टाकीवर गुडघे घट्ट, आणि मागे निळा धूर. दोन हजार साली नाना निवृत्त झाले. म्हणजे त्यांचा पगार थांबला. फिरणं चालूच होतं.

राजदूतच्या सायलेन्सरची आतली जाळी कधीतरी गंजून गळून पडली होती. बारकू मेस्त्री दरवर्षी सांगायचा, नाना, नवा टाका. नाना म्हणायचे, "राहू दे, लांबून कळतं." ते मात्र खरं. गाडी ओढ्यापाशी आली की आवाज डोंगरावर आपटायचा आणि वरच्या पाड्यात धावपळ सुरू व्हायची. माणसं घरातून बाहेर यायची आणि गुरं रानात पळायची. कारण हा आवाज आला की मागोमाग सुई येते, हे गुरांना माणसांपेक्षा आधी उमगलं होतं. शेवटी लोक शहाणे झाले. आवाज ऐकू आला की आधी दावं हातात घ्यायचं, ढोर खुंट्याला बांधायचं आणि मगच 'डॉक्टर आले' म्हणायचं.

असं वर्षानुवर्षं चाललं. मग नानांचा गुडघा संपावर गेला.

राजदूतला किक मारणं म्हणजे रुसलेल्या माणसाची समजूत काढणं. एका किकेत चालू झाली तर नाना दिवसभर खुशीत असायचे. आता एक किकही मारवेना. मग त्यांनी गाडी नेहमी उतारावर लावायची पद्धत काढली. जिथं उतार नसेल तिथं किक मारायला माणूस शोधायचे. मुरबाड स्टँडवरचे रिक्षावाले त्यांना लांबून पाहिलं की एकदम चहा प्यायला निघून जात. दोन हजार चारच्या शिमग्याआधी ते बाजारपेठेत गाडी थांबवायला गेले, पाय टेकवला, गुडघ्यानं साथ दिली नाही, आणि गाडी नानांना घेऊन हळूच आडवी झाली. लागलं काही नाही. पण चार माणसांनी उचलून उभं केलं, आणि त्यातल्या दोघांनी आधी गाडी उचलली, हे काकींना जास्त लागलं.

"विका ती," काकी म्हणाल्या. "नायतर मी जाते भातसानगरला मितालीकडं. जावयाची क्वार्टर मोठी हाय."

मिताली त्यांची मुलगी, जावई धरणावर नोकरीला. ही धमकी काकी वर्षातून एकदा द्यायच्या. या वेळी त्यांनी पिशवीही भरली.

त्या संध्याकाळी नाना आमच्या ओटीवर बसून माझ्याशी बोलून गेले. एरवी आम्ही एकमेकांची थट्टा करायचो, पण त्या दिवशी मी केली नाही. म्हणाले, "गाडीचं काय, लोखंड आहे. पण ती गेली की त्या पाड्यांवर आपलं नाव दोन पावसाळेसुद्धा टिकणार नाय. मला तोंडानं कोण ओळखतो तिकडे? सगळी आवाजानं ओळखतात."

पहिल्यांदा भंगारवाला आला. त्यानं गाडी बघितलीच नाही, वजनकाटाच काढला. नानांनी त्याला आळीच्या टोकापर्यंत पोचवून दिलं, आणि ते काही आदरानं नव्हे.

मग जगन आला. सिद्धगडाच्या पायथ्याच्या पाड्यातला, पंचवीस-सव्वीस वर्षांचा. सुकी मासळी विकायचा: बोंबील, सोडे, जवळा. मुरबाडच्या बाजारात माल घ्यायचा आणि टोपली डोक्यावर घेऊन पाडे पालथे घालायचा. त्याला गाडी हवी होती आणि नानांना, गाडी त्याच रस्त्यांवर फिरवेल असा माणूस हवा होता. सौदा जमला. पण नानांनी तो ढोराच्या सौद्यासारखा केला. म्हशाच्या गुरांच्या जत्रेत आयुष्यभर तेच पाहिलेलं. टॉवेलाखाली हात घालून दोघांनी एकमेकांची बोटं दाबली, त्यामुळे किंमत काय ठरली हे आजतागायत आळीला कळलेलं नाही. काकींनी हँडलला हळदकुंकू लावलं. आणि जगननं चावी मागितली तेव्हा नाना म्हणाले, "ढोर विकलं तरी दावं द्यायचं नसतं. गोठ्याची बरकत जाते."

"नाना, मंग मी चालू कशी करू?"

"तुझं दावं तू आण."

जगन बाजारात जाऊन चावीवाल्याला घेऊन आला. नवी चावी कापून झाली, आणि आळीतल्या चौघांनी आळीपाळीनं मारलेल्या किकांनी राजदूत निघून गेली. नाना आवाज पुलापलीकडे जाईपर्यंत उभे राहिले. मग काकींना म्हणाले, "चेन थोडी सैल आहे, सांगायचं राहिलं."

पुढचा महिनाभर नाना आळीत अडगळीसारखे वावरले. पेपर वाचायचे, त्यातली पावसाची बातमी मोठ्यानं वाचायचे, दुपारी झोपायचे. रस्त्यावरून कुठली गाडी गेली की मान वळायची.

आणि एका सकाळी तोच आवाज आळीत शिरला. जगन गाडी घेऊन दारात. टोपली रिकामी, चेहरा उतरलेला.

"नाना, ही घ्या परत. धंदा बसला माझा."

नाना ओटीवरून गुडघ्याला विसरून उठले. "का रे? बिघडली?"

"गाडी झकास हाय. मानसं बिघडली. खाली ओढ्यापाशी आलो का वर पळापळ. मी पोचतो तर बाया म्हशी धरून रांगेत उभ्या. मी बोलतो, बोंबील घ्या. त्या बोलतात, आधी हिचं पोट बघ."

"मग? बघितलंस?"

"मी काय बघनार? मला बोंबलाचं पोट कळतं. ती रखमी म्हातारी तर ऐकंचना. बोलते, डॉक्टरची गाडी तुज्याकडं, मंग सुई पन तुज्याकडंच असंल, लपवतोस कनाला? आनि टोपलीच उपसली तिनं. सुई शोधत सगळे बोंबील अंगनात वतले!"

नाना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. "तिची कुठली म्हैस? मोडक्या शिंगाची?"

"हां, तीच."

"जंत असणार. दर उन्हाळ्यात असतात. अगो, ऐकलंस का? रखमी अजून मला शोधते! चहा टाक. दोन टाक. जगनला साखर जास्त." नानांचा आवाज महिन्याभरात पहिल्यांदा भिंतीपलीकडे, आमच्या घरात आला. "आणि गुरं? गुरं पळतात का रे अजून?"

"पळतात म्हंजे! गुराखी मला शिव्या घालतात."

"वा!" नाना म्हणाले. जणू नातू पहिला आला होता. "ठेव मग गाडी. राहू दे इथंच. तुझे पैसे देतो परत. ओटीखाली जागा आहेच."

काकी दारात येऊन उभ्या राहिल्या. "आनि किक कोन मारनार? मी?"

"मारेल कोणीतरी."

"त्या कोनीतरीलाच नांदवा मंग."

जगन बशीत चहा ओतत होता. बोलावं की बोलू नये अशा बेतानं त्यानं मान खाजवली. "आनि नाना, त्या वरच्या पाड्यातल्या लखमाची गाय गेली ना."

"कधी?"

"गेल्या सोमवारी. पोट फुगलं व्हतं सकाळी. त्याचा भाऊ निघाला व्हता दवाखान्यात, डॉक्टर आनाया. तेवढ्यात मी खालच्या पाड्यावर गेलो. यांनी वर आवाज ऐकला. दोघं भाऊ वीटभट्टीवरनं आदल्याच रातीला आलेले, गाडी मी घेतली ते ठावंच नव्हतं. लखमा भावाला बोलला, कशाला जातोस, नाना खाली आलेत, येतीलच वर. बसले वाट बघत." जगननं बशी खाली ठेवली. "मी तिकडूनच दुसऱ्या वाटेनं नारिवलीला गेलो. मला काय म्हाईत. दुपारी गाय गेली. गाभन व्हती."

नानांनी कप खाली ठेवला. त्यांच्या कपातल्या चहावर साय धरली.

"तेल पाजलं असतं नुसतं," ते म्हणाले, "तरी..." आणि तिथंच थांबले.

काकी पुढं आल्या. भरलेला कप उचलून आत घेऊन गेल्या.

जगन जायला निघाला, गाडी सोडून, पायी. नानांनी त्याला थांबवलं. चप्पल घातली, काठी घेतली. "किक मार," म्हणाले. "बारकूकडे जाऊ."

बारकू मेस्त्रीचं गॅरेज म्हणजे एक पत्रा आणि एक बाभूळ. त्यानं नानांना मागच्या सीटवर बसून येताना पाहिलं आणि हातातला पाना तसाच राहिला.

"नवा सायलेन्सर टाक," नाना म्हणाले.

"काय नाना! धा वर्षं बोलतोय तवा नाय टाकलात. आता गाडी इकल्यावर?"

"तोंड कमी चालव. आवाज गेला पाहिजे हा. सगळा."

"जुना देऊ बांधून? आठवन म्हनून ठेवा घरात."

"भंगारात टाक."

जगननं पैशांसाठी खिशात हात घातला तेव्हा नानांनी त्याच्या मनगटावर चापट मारली. बारकूनं तासाभरात काम केलं. किक बसली आणि राजदूत चारचौघींसारखी कुजबुजली. नानांनी क्षणभर कान दिला, मग काठी बगलेत धरून मागे बसले. "बाजारातून माल भर आणि चल वर," म्हणाले.

तिथून पुढचं मला जगननं सांगितलं, आणि नानांनी त्यातलं काही नाकारलेलं नाही. अठ्ठावीस वर्षांत नाना स्वतःच्या गाडीवर पहिल्यांदाच मागे बसले होते. बसणं त्यांना जमेना. चढ आला की मागून ओरडत, "दुसरा टाक, दुसरा!" वळण आलं की जगनच्या खांद्यावरचा हात ब्रेक दाबल्यासारखा घट्ट व्हायचा. जगन सांगतो, "गाडी मी चालवत व्हतो, पन गिअर तेंच्या तोंडात व्हते."

ओढा ओलांडला. वर पाड्यात काही हललं नाही. चढ संपला, पहिली घरं आली. माळावर गुरं चरत होती. एका गायीनं मान वर केली, गाडीकडे पाहिलं आणि पुन्हा गवतात तोंड घातलं. अंगणं रिकामी. एक कोंबडी फक्त आडवी गेली.

जगननं गाडी थांबवली. नाना उतरले नाहीत. बघत राहिले.

"नाना, कोन आलं नाय."

"दिसतंय मला." मग जगनच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "बसलास काय? ओरड की. मासळीवाला आलाय हे तुझं तुलाच सांगायला लागणार आता."

जगननं गळा साफ केला आणि हाळी दिली, "बोंबील, सोडे, जवळाऽ!" दोन दारं उघडली, मग चार. बाया ताटल्या घेऊन आल्या. सगळ्यांत पुढं रखमी म्हातारी. तिनं आधी टोपली पाहिली, मग मागची सीट.

"अगो बाय! डॉक्टर सुकी मासली इकाया लागला!"

"पेन्शन पुरत नाय, रखमे," नाना म्हणाले आणि उतरले. हसणाऱ्या बायांमधून वाट काढत, काठी टेकत, ते लखमाच्या घराकडे गेले.

लखमा कुडाला टेकून टोपली विणत होता. खुंटा रिकामाच होता. नानांना पाहून तो उठला.

"आमी आवाजावर थांबलो, नाना," लखमा म्हणाला. रागानं नव्हे, झालं ते सांगावं तसं.

"कळलं मला. लखमा, गाडी विकली मी. आवाज पण काढून टाकला. आता कशावर थांबू नकोस. ढोरानं मान टाकली की त्याच घडीला दवाखान्यात माणूस धाड. तिथं नवीन डॉक्टर आलाय, शिकलेला आहे. सगळ्यांना सांग."

"आनि तुमी? तुमी येनार नाय?"

जगन म्हणतो, नानांनी 'येईन' म्हणायला तोंड उघडलं होतं, त्यानं पाहिलं. त्यांनी रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं.

"नाय," ते म्हणाले. "ढोरासाठी आता नाय येणार मी."

लखमानं मान हलवली. अर्धवट टोपली बाजूला सरकवली, आत जाऊन घोंगडी आणली आणि अंगणातल्या सावलीत अंथरली. इतक्या वर्षांत नाना त्या अंगणात कधी बसले नव्हते. उभ्याउभ्या सुई, उभ्याउभ्या चहा, की पुढचा पाडा.

"मंग बसा तर," लखमा म्हणाला. "आता कसली घाई तुमाला? जेवून जा."

खालून जगननं हाक मारली, नाना, पुढं जायचंय, उशीर होतोय. नानांनी बसता बसता हात हलवला, "तू जा रे! परतीला घेऊन जा मला." राजदूत चालू झाली, उतार उतरली, आणि वळण यायच्या आतच ऐकू येईनाशी झाली. नानांनी पाय लांब केले, गुडघा चोळला आणि लखमाला विचारलं, "कालवण कशाचं आहे?"