टायरला तेसोरो

कॅनडातल्या केंब्रिजच्या गाड्यांच्या कारखान्यात विश्वनाथराव चौबळांनी अख्खी नोकरी तपासनीस म्हणून काढली. तपासल्याशिवाय वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, हा त्यांचा बाणा. निवृत्त झाल्यावरही पहिला डोसा उलटून-पालटून पाहिल्याशिवाय ते दुसऱ्याला परवानगी देत नसत. मात्र चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला नावानं हाक मारणं काही त्यांना जमलं नव्हतं. सगळ्या कामांना एकच 'अगं'. टॉवेल विसरला तरी 'अगं', ग्रोसरीत ताजी कोथिंबीर दिसली तरी 'अगं'. परवा तर त्या हाकेला दुकानातल्या चार मराठी बायका वळल्या.

ललिताबाईंचं बिनसलं ते शेजारच्या पास्क्वालेमुळे. हा सत्तरीचा इटालियन गृहस्थ बायकोला भर अंगणात हाका मारी, त्याही काय एकेक! 'तेसोरो', म्हणजे खजिना. 'मिया व्हीता', म्हणजे माझं आयुष्य. रोझाबाई त्याच्यावर खेकसत, पण खेकसतानाही गालात हसत.

"रविवारी लग्नाचा वाढदिवस आहे," ललिताबाईंनी एका सकाळी कप आदळत जाहीर केलं. "त्याआधी एकदा तरी मला गोड हाक मारा. नाहीतर मराठी मंडळाच्या लोकांसमोर मी उखाणा घेणार नाही. बसा!"

कॅनडात विश्वनाथराव सगळ्यांचे 'विश' होते, घरात 'अहो'. बायकोच्या तोंडून स्वतःचं अख्खं नाव वर्षातून एकदाच ऐकू येई, ते या उखाण्यात. त्याची ते वर्षभर वाट बघत. हे अर्थात त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

ते तडक कुंपणापाशी गेले.

"सोपं आहे, विश," पास्क्वाले म्हणाला. "हात छातीवर ठेवायचा आणि म्हणायचं, पतातीना!"

"म्हणजे?"

"छोटा बटाटा."

बायकोचा स्वभाव आठवून विश्वनाथरावांनी बटाटा जागीच रद्द केला. तेसोरो आणि मिया व्हीता तेवढे पसंत पडले. पण माल तपासल्याशिवाय पाठवायचा कसा?

शनिवारी गॅरेजमध्ये गाडीला विंटर टायर चढवता चढवता त्यांनी तालीम सुरू केली. टायरवरून हात फिरवत पुटपुटले, "तेसोरो... मिया व्हीता..." पहिल्या टायरला आवाज सरकारी नोटिशीसारखा लागला. तिसऱ्या टायरपर्यंत त्यात खरंच लोणी उतरलं.

"चालू द्या!" मागून आवाज आला. दारात ललिताबाई चहा घेऊन उभ्या. "रबराला खजिना, आणि मी मेली नुसती अगं!"

"अगं, ट्रायल घेत होतो."

"टायरवर?"

"तुझ्यावर डायरेक्ट कशी घेणार? फेल गेली असती म्हणजे?"

"गेली तर गेली! मी काय रिकॉल केलेली गाडी आहे?"

कप हत्यारांच्या पेटीवर ठेवून त्या तरातरा निघाल्या. उद्याचा उखाणा पाठमोरा निघालेला पाहून विश्वनाथरावांच्या डोक्यातली सगळी इटालियन भाषा पळून गेली.

"ललिता!"

त्या पायरीवरच थांबल्या. वळल्या नाहीत.

"पुन्हा एकदा."

"पास झालं का?"

"एकाच नमुन्यावर पास करतात वाटतं तुमच्याकडे?"

"ललिता," ते म्हणाले. मग जरा हळू, "ललिता."

"ब्राव्हो, विश!" कुंपणापलीकडून पास्क्वाले ओरडला. त्याला शब्द कळला नव्हता, सूर कळला होता.

ललिताबाई वळल्या. कान लाल झाले होते. थंडीला दोष द्यायची सोय होती. "चहा घ्या, गार होतोय," त्या म्हणाल्या, "विश्वनाथ."

कप उचलता उचलता विश्वनाथरावांनी दचकून मागे पाहिलं. अशी हाक फक्त त्यांची आई मारायची. हातातला निम्मा चहा टायरवर सांडला.

"उखाणा उद्या घेईनच," ललिताबाई आत जाता जाता म्हणाल्या. "ही हाक त्याच्यावर जादा."

त्या दिवशी चौथ्या टायरचे नट तपासायचे राहूनच गेले. शेवटी पास्क्वालेनं येऊन आवळले.