झऱ्याचं पाणी माझ्या नावावर नेलं

मंडळी, आत्ताच गारगोटीच्या वरच्या धनगरवाड्यावरून कोल्हापुरात घरी पोचलेय. हातपाय धुवायच्या आधी हे लिहिते.

त्या वाड्याला बारमाही पाणी देणारा एकच झरा आहे. वाड्यावरच्या बायका, मी आणि माझा कॉलेजपासूनचा मित्र सुहास, आम्ही मिळून तो बांधून काढला, खाली टाकी केली. तेव्हापासून उन्हाळ्यात म्हशी घेऊन कुणाला डोंगर उतरावा लागला नाही.

आज गेले तर टाकी कोरडी. झऱ्याला नवा पाइप जोडलेला आणि तो थेट खालच्या नव्या रिसॉर्टला गेलेला.

"हे कुणी केलं?" मी वाड्यावरच्या जनाबाईंना विचारलं.

"असं काय इचारतायसा ताई? तुमचं सुहास सायेब आल्तं की. ताईंनी व्हय म्हणलंय म्हणालं. तुमचं नाव घेतलं म्हणून आमी गप बसलो."

तिथूनच सुहासला फोन लावला. "अगं, रिसॉर्टात माझी भागीदारी आहे. वाड्याला टँकर पाठवू की," म्हणाला. आवाजात जरासुद्धा लाज नव्हती.

"मला ह्यातलं काहीच माहीत नव्हतं," मी जनाबाईंना सांगितलं. त्यांनी खोरं उचललं. सगळ्यांनी मिळून पाइप उपटला. टाकीत पाणी पडायला लागलं.

निघताना त्या म्हणाल्या, "ताई, हितनं फुडं तुमी सोता सांगितलासा तरी वाड्याला इचारूनच ठरवायचं."

बरोबरच बोलल्या. तरी घाट उतरताना रडू आवरलं नाही.

तुमचं नाव वापरून जवळच्याच माणसानं असं फसवलं, तर तुम्ही काय कराल?