भाचीची गोधडी आणि बाबांची लुंगी

आई मोरीजवळ घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. डॉक्टर मनगटाचं काहीतरी समजावून सांगत होते, आणि आई त्यांना मध्येच तोडून म्हणाली, "हाताचं जाऊ द्या डॉक्टरसाहेब, थो जुळन. पन गोधडीचं कसं करू?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात जाणारा, त्यामुळे मला समजत असेल असं त्यांना वाटलं असावं. मला समजत होतंही.

ताई पहिल्या बाळंतपणासाठी आमच्याकडे नागपूरला, सक्करदऱ्याला आली होती आणि तिला मुलगी झाली होती. आमच्यात बाळ पहिल्यांदा वडिलांच्या घरी जातं तेव्हा त्याच्याबरोबर आजोळची गोधडी जाते. ती जुन्याच कपड्याची हवी. नवं कापड बाळाला टोचतं, असं आई म्हणते. आमच्या गल्लीतली बहुतेक पोरं आईच्याच गोधडीवर लोळून मोठी झाली आहेत, आणि आता तिची स्वतःची पहिली नात बिनगोधडीची जाणार होती.

त्यात एक अस्वल होतं. बारशाला ताईच्या सासूबाईंनी दुकानातलं गुबगुबीत ब्लँकेट आणलं होतं आणि त्यावर हे निळं अस्वल हसत होतं. आईने सगळ्यांसमोर ते हाताळून "किती मऊ आहे बाप्पा" असं कौतुक केलं. मग स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "थ्या अस्वलापुढं आपली गोधडी कोन काढते? पेटीत पडून राहीन पाहा." म्हणजे गोधडी तर शिवायचीच होती, शिवाय ती बाळाखाली अंथरली जावी अशी शिवायची होती. आणि आता तिला सुईही धरता येत नव्हती.

शेजारच्या काकूंनी "मी शिवून देतो ना वं" म्हणून पाहिलं. आईने गोड हसून नको म्हटलं आणि त्या गेल्यावर सांगितलं, "तिचे टाके म्हंजे बैलगाडीचा रस्ता." मशीनवर शिवली तर गोधडी दप्तरासारखी ताठ होते. ताईच्या मांडीवर सतत बाळ. उरलो मी. माझी परीक्षा नुकतीच संपली होती.

"मी शिवतो," मी म्हणालो. खरं सांगायचं तर मला "मी सुईत दोरा ओवून देतो" इतकंच म्हणायचं होतं, पण वाक्य लहान झालं.

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे मला काहीही जमतं असा घरच्यांचा एक समज आहे. मला काय जमतं हे अजून कुणी पाहिलेलं नाही, म्हणून तो समज टिकून आहे.

पहिले काही दिवस मी जुन्या उशीच्या अभ्र्यावर टाके घालायला शिकलो. आई खाटेवर बसून प्लास्टरचा हात उशीवर ठेवून बघायची. "अबे, गाठ मारून राहिला का लाडू वळून राहिला?" हे ती पहिल्या दिवशी म्हणाली. सुई बोटात शिरली की मी ओरडायचो, मग बाळ उठून ओरडायचं, मग ताई ओरडायची.

पण खरी गोधडी घ्यायची वेळ आली तेव्हा मी एक मोठी गोष्ट केली. मी आलेखाचा कागद काढला, त्यावर चौकोन आखला, रेघांमधलं अंतर ठरवलं आणि मग फूटपट्टी आणि खडू घेऊन साडीवर रेघा मारायला बसलो. आईने टोकणं बंद केलं. तिने गोधडीसाठी आयुष्यात खडू वापरला नव्हता. संध्याकाळी ती काकूंना सांगताना मी ऐकलं, "सायन्सवाला आहे आमचा. मोजून शिवते."

अडचण कूलरची होती. बाबा बुटीबोरीच्या एका कारखान्यात रात्रपाळीला असतात आणि दिवसा कूलरसमोर झोपतात. घरात तेवढी एकच मोठी खोली. गोधडीचे थर जमिनीवर पसरले की कूलरचा वारा खालून शिरायचा, आणि आईची जुनी जांभळी साडी उडून थेट बाबांच्या तोंडावर जाऊन बसायची. कूलर बंद करावा तर मे महिना. आणि बाकी जग आवाजाने उठतं, बाबा आवाज बंद झाला की उठतात. बटण दाबल्याबरोबर ते डोळे मिटूनच विचारायचे, "काहून बंद केला?"

शेवटी आईनेच तोडगा काढला. "तुमी झोपताच ना? मंग इथं झोपा." बाबांना उचलून, म्हणजे उठवून, गोधडीच्या एका कोपऱ्यावर, कडेला लागून झोपवण्यात आलं. दुसऱ्या कोपऱ्यावर काकू तांदळाचं ताट घेऊन निवडत बसल्या. तिसऱ्यावर बाळाला घेऊन ताई. चौथ्यावर वरवंटा. आणि मध्ये सुई घेऊन मी. कूलर सुरूच.

आता त्या लुंगीबद्दल सांगायला हवं. बाबांची एक चौकड्यांची लुंगी होती. धुऊन धुऊन तिचा मूळ रंग कुणाला आठवत नव्हता, पण कापड असं झालं होतं की हातात धरलं तर दुधावरच्या सायीसारखं घसरायचं. गोधडीच्या आतल्या थराला याहून चांगलं कापड नागपुरात नाही, असं आईचं मत होतं. तिने ती बाबांकडे मागितली होती.

"मी जित्ता आहो न वं अजून?" बाबा म्हणाले होते.

"मले माणूस नाई पाहिजे, लुंगी पाहिजे."

बाबांनी दिली नाही. ती नेसूनच ते त्या दुपारी गोधडीच्या कडेवर झोपले होते.

मी मन लावून शिवत होतो. खडूची रेघ, त्यावर टाका, पुन्हा टाका. कूलरचा आवाज, तांदळातल्या खड्यांचा टिचटिच आवाज. मला पहिल्यांदाच वाटलं की हात आपोआप चालतोय. बाबांच्या बाजूची पूर्ण ओळ मी एका बैठकीत संपवली आणि ती माझी तोवरची सगळ्यात सरळ ओळ होती.

तेवढ्यात दारावर सिलिंडरवाला आला. तो दार वाजवत नाही, रिकाम्या सिलिंडरवर पाना मारतो. बाबा दचकून उठले आणि अर्धवट झोपेत दाराकडे निघाले. त्यांच्याबरोबर गोधडीही निघाली.

वरवंटा घरंगळत खाटेखाली गेला. काकू बसल्या जागी गोल फिरल्या आणि ताटातले तांदूळ मी मोजून आखलेल्या सगळ्या चौकोनांवर पसरले. ताईने बाळाला वर उचललं आणि ओरडली, "बाबा, थांबा! बाबा, तुमाले शिवलं त्याने!" पण बाबांनी दार उघडलं होतं. मागे जांभळी साडी, हिरवी साडी आणि दोन धोतरं फरफटत होती, आणि लुंगीची गाठ सुटू नये म्हणून त्यांनी ती दोन्ही हातांनी धरली होती.

सिलिंडरवाल्याने त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. "कुठं लग्न आहे का काका?"

दार बंद झाल्यावर मी कात्री शोधू लागलो. टाके उसवायला हवेत एवढं मला कळत होतं. पण आई खाटेवरून म्हणाली, "उसवू नको."

"का?"

"बाळाच्या गोधडीचा टाका उसवत नाई."

हा रिवाज मी कधी ऐकला नव्हता. ताईनेही ऐकला नव्हता, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण जमिनीवर तांदूळ वेचणाऱ्या काकू मान वर न करता म्हणाल्या, "नाईच उसवत."

"हे कवापासून?" बाबांनी विचारलं. ते अजून गाठ धरूनच उभे होते.

"पयलेपासून," आई म्हणाली.

ताई बाळाला घेऊन आत गेली, काकू हसू दाबत आपल्या घरी गेल्या. बाबांनी दाराआडून हात पुढे केला, मी त्या हातात टॉवेल दिला आणि लुंगी गोधडीत राहिली. आईने सांगितलं तशी मी ती घडी करून आतल्या थरात सारली. त्या दिवसापासून बाबा पायजमा घालतात आणि माझ्याकडे सुई दिसली की आधी आपल्या पायांकडे बघतात.

शिवून होत आली तेव्हा गोधडी नीट पसरून पाहिली. ती चौकोनी नव्हती. एक बाजू लांब, एक आखूड आणि एक कोपरा कुठेतरी जायला निघाल्यासारखा. आईने मान तिरकी करून पाहिली.

"तुमच्या कॉलेजात चौकोन असाच असते का?" तिने विचारलं. ती टोमणा मारत नव्हती.

"नाही."

"मंग?"

"चुकला, आई. रेघा सरळ होत्या, पण कापड ताणलं गेलं."

"अरे बावा! मले तर दुसऱ्याच ओळीले दिसलं तिरपं जाऊन राहिलं म्हनून. पन म्हटलं, नवीन पद्धत असन." आणि ती हसायला लागली. हसताना तिचं प्लास्टर खाटेच्या दांडीवर आपटलं, ती कळवळली आणि तरीही हसत राहिली. त्यानंतर माझ्या शिक्षणाबद्दलचा तिचा आदर निम्म्यावर आला आणि माझं शिवणकाम मात्र सुधारलं, कारण आता ती प्रत्येक ओळीला न लाजता ओरडत होती. "डाव्या हातानं दाब! दाब ना बे! कापड तुले चावते का?"

एकच बाजू शिवायची राहिली होती, आणि ताईला न्यायला खापरखेड्याहून जावईबापू आणि ताईच्या सासूबाई सकाळीच येऊन थडकले. दुपारनंतर येणार होते. मी सुई हातात धरून खोलीच्या मधोमध बसलो होतो. उठून पळावं असं वाटलं, पण सवयीने आधी आपला पायजमा गोधडीला शिवला गेलाय का ते पाहिलं.

सासूबाईंनी चप्पल काढता काढता गोधडी पाहिली, मग आईचा प्लास्टरचा हात. त्यांचा चेहराच बदलला. "विहीणबाई! अशा हातानं शिवली तुमी? डाव्या हातानं? म्हनून मी म्हनतो अशी वाकडी काहून आहे!"

आईने नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. त्या वाकड्या कोपऱ्यासकट सगळी गोधडी कौतुकासह तिच्या नावावर जमा झाली असती. मी खाली बघत राहिलो.

"नाई वं विहीणबाई," आई म्हणाली. "माया पोट्ट्यानं शिवली. पयलीच आहे त्याची."

सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. मग आपल्या मुलाकडे वळल्या. "पाहा. पाहून घे." जावईबापू एकदम मोबाइलमध्ये काहीतरी फार महत्त्वाचं वाचू लागले.

"आन इकडं एक सुई," सासूबाई म्हणाल्या आणि पदर खोचून खाली बसल्या. "तू तिकडून ये, मी इकडून येतो. लवकर होईन."

आम्ही दोन टोकांकडून शिवत निघालो. त्यांचा हात इतका भरभर चालत होता की मीही घाई केली. परिणाम असा झाला की दोघांनीही कापड पुढे पुढे ढकललं आणि मध्यावर भेटलो तेव्हा तिथे जास्तीचं सगळं कापड जमून चांगला हातभर फुगा उभा राहिला होता. आई खाटेवरून म्हणाली, "आता?"

मी म्हणालो, "उसवायचं नसतं."

सासूबाईंनी फुगा दाबून पाहिला. तो पुन्हा वर आला. "राहू द्या," त्या म्हणाल्या. "उशी झाली." आणि शेवटची गाठ मारली.

जेवणं झाली, ओटी भरली, ताई रडली, बाळ झोपलं. सगळे गाडीत बसून गेले. आई दारातच उभी राहिली. मी पसारा आवरायला आत आलो आणि सुया मोजल्या. मी एक सुई वापरत होतो, ती सापडली. सासूबाईंना दिलेली सापडेना.

"आई, दुसरी सुई कुठंय?"

आईने छातीवर हात नेला, प्लास्टरचाच. "धाव!"

मी अनवाणी धावलो. उन्हात डांबर मऊ झालं होतं, पाय भाजत होते. तलावाजवळच्या सिग्नलला त्यांची गाडी लाल दिव्यात थांबली होती. मी काचेवर थापा मारल्या. "सुई! गोधडीत सुई आहे!"

ताईने किंचाळून बाळाला उचललं. जावईबापू मागे वळून गोधडी चाचपू लागले, ताईने बाळाचे कपडे झटकले, मी खिडकीतून अर्धा आत शिरून फुगा दाबून पाहिला. सिग्नल हिरवा झाला. मागच्या गाड्या बोंबलू लागल्या, एक स्कूटरवाला म्हणाला, "काय हरवलं बे, सोनं का?" आणि तेवढ्यात सासूबाई शांतपणे आपल्या खांद्याकडे बघून म्हणाल्या, "हे काय. इथंच आहे."

सुई त्यांच्या पदरात खोचलेली होती. शिवून झालं की सुई पदराला टोचायची त्यांची सवय. त्यांनी ती काढून माझ्या तळहातावर ठेवली, जशी प्रसाद ठेवतात तशी, आणि गाडी निघून गेली.

मी सावली शोधत, टाचांवर चालत घरी आलो. आई अजून दारातच होती. मी सुई दाखवली. तिने सुईकडे पाहिलंही नाही.

"गोधडी कुठं होती?" तिने विचारलं. "पिशवीत?"

"नाही. बाळाखाली."

"आन अस्वल?"

"अस्वल मागच्या काचेतून दिसलं. डिक्कीत, बॅगांखाली."

आत जाऊन आईने डाव्या हाताने माठातलं पाणी काढलं, निम्मं सांडलं, आणि तो पेला माझ्या हातात दिला. मी पाणी पीत होतो तोवर ती शेजारच्या दारापर्यंत पोचली होती, आणि काकूंना पहिल्यापासून सांगू लागली होती.