तांदळाची शेकपिशवी

माझी बायको दिवसा कधी आडवी होत नाही. लग्न झाल्यापासून मी तिला दुपारी झोपलेलं पाहिलं नव्हतं. तापातसुद्धा ती भिंतीला टेकून बसायची. म्हणून गेल्या हिवाळ्यात ओल्या गोधडीची बादली उचलताना तिच्या कमरेत लचक भरली आणि ती पलंगावर पडून राहिली, तेव्हा मला माझंच घर परकं वाटायला लागलं.

मी नुकताच गोंदियातलं धान्याचं दुकान बंद करून घरी बसलो होतो. मुलगी नागपूरला, घरात आम्ही दोघंच. डॉक्टर म्हणाले, हाड ठीक आहे, स्नायू आखडलाय. आराम करायचा आणि शेक द्यायचा. हे ऐकून माणसाला बरं वाटायला पाहिजे. मला वाटलं नाही. मी स्वयंपाकघरातून दारात, दारातून पलंगापाशी, तिथून पुन्हा स्वयंपाकघरात फिरत राहिलो.

"कायले घरात फिरून राहिले?" ती पडल्यापडल्या म्हणाली. "तुमची चप्पल वाजली का मले चमक येते."

मी चप्पल काढली आणि अनवाणी फिरायला लागलो.

घरात गरम पाण्याची रबरी पिशवी होती. पहिल्याच शेकाला तिच्या बुचातून पाणी झिरपलं आणि चादर ओली झाली. ती बदलायला बायकोला कुशीवर वळवलं, तेव्हा ती अशी कण्हली की तो आवाज दिवसभर माझ्या कानातून गेला नाही. मी मुलीला फोन लावला.

"बाबा, पाणी नकोच," ती म्हणाली. "कापडाची पिशवी शिवा, तांदूळ भरा आणि मायक्रोवेव्हमध्ये गरम करा."

मायक्रोवेव्ह तिनंच आणून दिलेला. आम्ही त्यात बिस्किटांचे पुडे ठेवायचो. पुडे बाहेर काढले, माझा एक जुना शर्ट कापला आणि बायकोच्या शिलाई मशीनवर बसलो. त्या मशीनला दुसऱ्या कोणी हात लावलेला तिला खपत नाही, पण त्या दिवशी तिनं मला बसू दिलं. तेही मला टोचलं.

पिशवी गरम व्हायला ठेवली आणि थोड्याच वेळात वास सुटला.

"काय जाळून राहिले?"

"काही नाही."

"काही नाही कसं? प्लॅस्टिकचा वास येऊन राहिला ना. टेरिकॉट घेतलं असन. सुती पाहिजे. उशीचा जुना अभ्रा घ्या."

अभ्र्याची पिशवी शिवली. त्यात मी तांदूळ भरले ते दुकानात गोणी भरायचो तसे, ठासून. गरम करून तिच्या कमरेखाली सरकवली.

"वीट ठेवली का?" ती म्हणाली. मग नाक वर करून वास घेतला. "अन् हा वास? माझ्या पाठीखाली भात लावला का तुमी?"

ती हसली. लचक भरल्यापासून पहिल्यांदाच हसली, आणि हसताहसताच चमक आली. तिनं माझं मनगट असं धरलं की बोटांचे वळ उठले. चमक ओसरली तरी तिनं हात सोडला नाही. मला उठायचं होतं, काहीतरी करायचं होतं. काय ते सुचत नव्हतं.

तिसरी पिशवी तिनं पलंगावरूनच माझ्याकडून शिवून घेतली. "अर्धीच भरा. मधून आडव्या शिलाया मारा, म्हणजे तांदूळ एका कोपऱ्यात जमणार नाही." मशीन खटकन थांबलं की तिकडून आवाज यायचा, "चाक उलटं फिरवलं. धागा तुटला ना?" तुटलेलाच असायचा. गरम करताना तिनं शेजारी पाण्याची वाटी ठेवायला लावली, तांदूळ करपू नयेत म्हणून. आधी मी माझ्या हातावर चटका लागतो का पाहिलं, मग तिच्या पाठीला दिली.

पिशवी कमरेच्या वळणात नीट बसली. बायकोचा चेहरा सैल पडला आणि भर दुपारी ती झोपली.

आता तरी मी शांत बसायला हवं होतं. मी तिचा श्वास पाहत उभा राहिलो. फाटकापर्यंत गेलो, परत आलो, पुन्हा पाहिलं. मग उरलेल्या अभ्र्याची मानेसाठी एक पिशवी शिवायला घेतली.

मशीनच्या आवाजानं ती जागी झाली. "आता हे कोणासाठी?"

"तुझ्या मानेला."

"माझ्या मानेले काई झालं नाही."

"झालं तर?"

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "तुमाले भेव वाटून राहिलं का?"

मी दातानं धागा तोडला. "वाटते."

"मंग तसं सांगा ना. पिशव्या काऊन शिवता?"

मी मशीनवरून उठून पलंगाच्या कडेला बसलो. ती पुन्हा झोपेपर्यंत बसलो. पिशवी मात्र पूर्ण केली.

हळूहळू ती उठू-फिरू लागली. चालता यायला लागल्याबरोबर तिनं दरेकशाला मोठ्या बहिणीकडे जायचं काढलं. बहिणीच्या घरी मायक्रोवेव्ह नाही, चूल. म्हणून मी आडव्या शिलाया नसलेल्या दुसऱ्या पिशवीच्या तोंडाला नाडी लावली, तांदूळ कढईत परतून आत भरता यावेत यासाठी. स्टेशनवर तिचं सामान गाडीत चढवलं आणि मी घरी पोचायच्या आधीच तिला फोन केला. संध्याकाळी पुन्हा केला.

"पिशवी ताईच्या गुडघ्यावर हाय," ती म्हणाली. "ताई आता परत देत नाही म्हणते."

"आणि तुझी पाठ?"

"माझी पाठ काय घेऊन बसले! ठेवा फोन."

आवाजावरून मला काहीच कळेना. दुसऱ्या दिवशी सकाळी मानेची पिशवी घेऊन मी गाडीत बसलो. दरेकशाला पोचलो तेव्हा दोघी बहिणी ओसरीवर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"काऊन आले?" बायकोनं विचारलं.

"सहज."

बहीण पदर तोंडाला लावून हसली. बायको मला पाणी आणायला उठली आणि उठताना तिचा हात कमरेवर गेला.

"दुखते?"

"थोडं दुखते. बसा."

मी बसलो, शेंगा सोलायला घेतल्या, पण लक्ष तिच्याकडेच. ती आणखी काही दिवस राहणार होती. जेवण झाल्यावर तिनं आपणहून कपडे पिशवीत भरायला घेतले आणि संध्याकाळच्या गाडीनं माझ्याबरोबर निघाली. पाठ दुखत होती म्हणून निघाली की माझ्यासाठी, ते मी विचारलं नाही. गाडीत ती खिडकीशी डोळे मिटून बसली होती आणि प्रत्येक धक्क्याला मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो.