खैरुन्निसाने घातलेली पावाची वेणी

खैरुन्निसा हर्णैच्या बंदरावर वाढलेली. नवरा कादिर आखातातल्या जुबैलच्या एका प्लांटवर सुपरवायझर, म्हणून लग्नानंतर तीही तिथेच आली. समोरच्या फ्लॅटमध्ये हाना नावाची चेक बाई राहायची. तिचा नवरा इंजिनिअर. दोघींची तोडकीमोडकी इंग्रजी एकमेकींना पुरत असे.

एका डिसेंबरात हाना जिन्यात घसरली आणि तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला.

"या वर्षी नाताळ नाही," ती म्हणाली. "एका हाताने वानोच्का कसा वळणार?"

वानोच्का म्हणजे त्यांचा नाताळचा गोड पाव. बदाम-मनुका घातलेल्या पिठाच्या तीन वेण्या, खाली जाड, वर बारीक, एकीवर एक रचलेल्या. खैरुन्निसाने फोटो नीट पाहिला आणि बाह्या वर केल्या.

"तू सांग. मी करते."

मुलीची वेणी रोज घालून तिचा हात सरावलेला होता. वेण्या सुरेख जमल्या, पण ओव्हनमध्ये अख्खा पाव कलंडला आणि एका कुशीवर भाजला.

"चालेल," हाना म्हणाली.

"तुझ्या आईने असा ताटात ठेवला असता?"

हानाने मान हलवली. "आई वरून काड्या खोचायची. वेण्या सरकत नाहीत."

खैरुन्निसाने कबाबच्या काड्या काढल्या आणि पुन्हा पीठ मळलं. दुसरा पाव ताठ उभा राहिला.

मग माशाचा प्रश्न आला. चेक लोक नाताळच्या आदल्या रात्री कार्प खातात, तळ्यातला. खैरुन्निसाने बंगाली दुकानातून त्याच जातकुळीतला रोहू आणला.

"नदीचा मासा आपल्या घरात?" समुद्राच्या माशांवर वाढलेल्या कादिरने विचारलं.

"आपल्यासाठी नाही. तिच्यासाठी."

चोवीस तारखेला हानाने दिवसभर काही खाल्लं नाही. संध्याकाळपर्यंत उपास धरला की भिंतीवर सोन्याचं डुकराचं पिल्लू दिसतं, असं तिकडे मुलांना सांगतात म्हणे.

"ते तुझ्याच भिंतीवर दिसू दे," खैरुन्निसा म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.

हानाचा नवरा ड्यूटीवरून थकून आला. नाताळ होणार नाही असं त्यानेही धरून चाललं होतं. टेबलावर तळलेला मासा, बटाट्याचं सॅलड आणि मधोमध वानोच्का. तो युनिफॉर्ममध्येच तिथे उभा राहिला. मग त्याने समोरच्या फ्लॅटची बेल वाजवली आणि सगळ्यांना जेवायला बोलावलं. आपल्याला न आवडणारा मासा खैरुन्निसाने त्या रात्री काटे काढून संपवला.

पुढे हाना मायदेशी गेली. खैरुन्निसा अजून जुबैललाच आहे. हानाच्या सांगण्यावरून कुणी नव्याने आलेली चेक बाई डिसेंबरात तिचं दार वाजवते, तेव्हा खैरुन्निसा तिला पीठ मळायला बसवते आणि पहिली वेणी तिलाच घालायला लावते.